पावतीशिवाय लायसन्स सोडू नका

प्रश्न : सिग्नलला माझ्या स्कूटरचं पुढचं चाक झेब्रा पट्ट्यांवर गेलं. वाहतूक पोलिसांनी आधी किल्ली काढून घेतली. आरसी आणि विमा डिजिलॉकरमध्ये दाखवला, तर "मोबाइलमधलं चालत नाही" म्हणाले. मग लायसन्स खिशात टाकलं आणि "उद्या चौकीवर या" म्हणून निघून गेले. कागद काहीच दिला नाही. आता मी गाडी चालवू शकते का?

उत्तर : चाक पट्ट्यांवर होतं, म्हणजे चलान व्हायलाच हवं. गणवेशातल्या पोलिसाने लायसन्स मागितलं की ते दाखवणंही मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 नुसार बंधनकारक आहे. बाकी जे झालं त्याची मात्र मला चीड येते.

मोबाइलमधली कागदपत्रं चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 139 मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. फक्त ती डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधली हवीत, गॅलरीतला फोटो नको. हातातली किल्ली हिसकावण्याचा अधिकार देणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. गाडी अडकवून ठेवायची तर कलम 207 आहे, आणि त्याला लायसन्स नसणं, नोंदणी नसणं अशी कारणं लागतात.

आता लायसन्स. ते कलम 206 खाली जप्त करता येतं, पण कागद खोटा असल्याचा किंवा चालक समन्स चुकवेल असा सबळ संशय हवा. आणि जप्त करताना तात्पुरती पोच, म्हणजे पावती, द्यावीच लागते. ती हातात असली की लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आवाज न चढवता एवढंच म्हणा : "साहेब, लायसन्स घ्या, पण पावती द्या."

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. अतिवेग, दारू पिऊन किंवा धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं, हेल्मेट नसणं, अशा गुन्ह्यांत 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसन्स निलंबनासाठी थेट परवाना अधिकाऱ्याकडे जातं. तेव्हा मिळणाऱ्या पोचीवर गाडी चालवता येत नाही. तुमचं प्रकरण त्यातलं नाही.

दंड जागेवर भरलाच पाहिजे असंही नाही. तडजोड, म्हणजे दंड भरून प्रकरण मिटवणं, नको असेल तर न्यायालयात बाजू मांडता येते. भरलात, तर पावतीवरचं कलम आणि रक्कम तिथेच वाचून घ्या.

तुमच्या डिजिलॉकरमध्ये लायसन्सही असेल, तर तूर्त ते दाखवून गाडी चालवा. आणि आजच वाहतूक शाखेच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा : तारीख, वेळ, ठिकाण, लायसन्स नंबर, पोलिसाच्या नेमप्लेटवरचं नाव आठवत असेल तर तेही. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय उठू नका. अर्ज घेतलाच नाही, तर तोच मजकूर वरिष्ठ कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.