सासऱ्यांची सही येत नसेल, तर नोकरीचा निर्णय थांबवा

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय, उजवा हात चालत नाही, बोलणं अडखळतं पण समजतं सगळं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, मुलगा चौथीत आणि अलीकडे फार चिडचिडा झालाय. नोकरी सोडावी का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता सोडू नका. आधी त्यांच्या पेन्शनच्या खात्यात दुसरं नाव आहे का ते बघा.

ब्युरोकडून मिळणारी, पेशंट सांभाळणारी मावशी, एअर बेड, फिजिओ हे तुम्हाला ओळखीचे सांगतीलच. बँकेचं कुणी सांगत नाही.

माझ्या बाबांचं खातं एकट्याच्या नावावर होतं, आई आधीच गेलेली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सही जुळेना. शाखेत सांगितलं, पेशंटला घेऊन या. आमची कोथरूडची जुनी इमारत, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. शेजारच्या मुलांनी खुर्चीत बसवून बाबांना खाली उतरवलं. काउंटरवर पुन्हा तेच, सही जुळत नाही. मग म्हणाले, कोर्टाचा कागद आणा. बाबा समोर बसलेले, सगळं कळत होतं त्यांना, आणि एकानेही त्यांच्याकडे बघून एक शब्द विचारला नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही. त्यांचेच पैसे त्यांच्याच औषधाला मिळेनात. त्या काळात मावशीचा पगार आणि लेकीची फी, दोन्ही माझ्या पगारातून निघाली. म्हणून म्हणते, नोकरी सोडू नका.

खरं तर कोर्टाची गरजच नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत: आजारी खातेदार सही करू शकत नसेल तर चेकवर किंवा पैसे काढायच्या फॉर्मवर अंगठा चालतो, हाताचा किंवा पायाचा. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूण चालते. पैसे कोण घेऊन जाणार ते खातेदाराने सांगायचं. शिवाय नोव्हेंबर २०१७च्या परिपत्रकात सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यायला सांगितलंय. अर्ज लेखी द्या, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही.

मी वकील नाही, तेव्हा पुढचं एकदा विचारून घ्या. मुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, करा असं नातेवाईक सांगतील. माणसाला समजतंय तोवर ते कामाचं. भान गेलं की कायद्याने ते संपतं आणि मग मात्र खरंच कोर्टाची पायरी येते. सासऱ्यांना आत्ता कळतंय, म्हणून पेन्शनच्या खात्यात सासूबाईंचं नाव आणि एफड्यांचे नॉमिनी याच महिन्यात बघा. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो, त्यासाठी त्यांना जिने उतरवू नका. ते सत्तरीपुढचे असतील तर सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, पण दाखल झाल्यावरचे आणि यादीतल्याच रुग्णालयात. घरच्या मावशीचा खर्च त्यात येत नाही.

मुलाबद्दल. आजोबांना काय झालंय ते त्याला नीट सांगा, आजाराचं नावही सांगा. घरात कुजबुज चालली की मुलं भलतंच धरून बसतात. त्याला सेवेला जुंपू नका, पण आजोबांशी बोलायची रीत शिकवा: एका वेळी एकच प्रश्न, आणि तो हो-नाही असं मानेने उत्तर देता येईल असा. माझी लेक हे आम्हा मोठ्यांपेक्षा लवकर शिकली. मोठी माणसं बाबांची वाक्यं स्वतःच पुरी करून टाकायची आणि ते वैतागायचे.

दिरांचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय. रविवारी येऊन सल्ले देण्यापेक्षा रात्रपाळीच्या मावशीचा पगार त्यांनी उचलावा, आणि हे तुमच्या नवऱ्याने त्यांना सांगावं, तुम्ही नाही. हे माझं मत, तुमच्या घरचं तुम्हाला जास्त ठाऊक.

बँकेला दिलेला माझा मराठी अर्ज अजून जपून ठेवलाय, हवा असेल तर नावं वगळून तो इथे टाकते.