‘ताई, हे तर यूट्यूबवरही आहे’

पत्र थोडक्यात असं: कोपरखैरण्याची एक वाचक, वय २५, इतिहासात एम.ए., ५८ टक्के. गेले सात महिने ती ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत चार मुलांना इतिहास शिकवते. मुलं ८ ते १३ वयाची. चौघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास. प्रत्येकाचे महिना दीड हजार. यंदा पालकांनी युरोपातलं प्रबोधन (रेनेसाँ) घ्यायला सांगितलं. तिने बारावीच्या पाठ्यपुस्तकावरून नोट्स काढल्या, पीपीटी केली. तिसऱ्या आठवड्यात एक आई म्हणाली, ‘ताई, हे तर यूट्यूबवरही आहे.’ घरचे म्हणतात, या शिकवण्या सोड आणि बी.एड.ला लाग. तिचा प्रश्न: यात करिअर आहे का, आणि माझं चुकतंय कुठे?

नाव छापू नका म्हणालीस, म्हणून नुसतंच ‘सप्रेम नमस्कार’.

त्या आईवर रुसू नकोस. बोलली ते टोचणारं होतं, पण खोटं नव्हतं. १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडलं, मग विद्वान इटलीत आले, मग मुद्रणकला, मग लिओनार्दो, अशी माळ कोणीही ओवून देतं, आणि यूट्यूबवाले ती चित्रांसकट देतात. बारावीला हा पहिलाच पाठ आहे, तिथे त्या माळेला मार्क मिळतात. आठ वर्षांच्या पोराला तिचं काय?

माझ्या टेबलावर छपाईचा, शिशाच्या सुट्या अक्षराचा एक खिळा असतो, ‘ळ’चा. माझे वडील ठाण्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. छापखाना मोडीत निघाला तेव्हा त्यांनी हा खिशात घालून आणला. सल्ला घ्यायला येणारी मुलं बोलायचं सोडून तोच हातात घेतात, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘हा उलटा आहे.’ उलटा का, हे मी कधीच सांगत नाही. पाच मिनिटांत त्यांचं त्यांनाच कळतं. गेल्या मे महिन्यात बहिणीच्या नातवाने बटाट्याचा अर्धा भाग घेऊन त्यावर स्वतःचं नाव सरळ कोरलं, शाईच्या पॅडवर दाबलं, कागदावर उठवलं, आणि तोंड एवढंसं झालं. दुसरा बटाटा त्याने आरशासमोर बसून कोरला. त्यानंतर त्याला गुटेनबर्ग सांगायला मला चार वाक्यं पुरली: एक बायबल हाताने उतरवायला लिहिणाऱ्याचं वर्ष जायचं; १४५५ च्या सुमारास या माणसाने खिळ्यांवर सुमारे १८० प्रती काढल्या; सुट्टे खिळे परत परत वापरता येतात; आता तू सांग, पुढे काय झालं असेल?

तुझी तेरा वर्षांची विद्यार्थिनी याच्या पुढचा प्रश्न सोडवू शकते. तिला म्हण, मराठी छापायला किती खिळे लागतील ते मोज. रोमन लिपीची २६ अक्षरं, कॅपिटल वेगळी धरली तरी ५२. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं. ती मोजता मोजता वहीचं पान भरेल. मग सांग की भारतात पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्याला आला, आणि १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत, ओव्यांमध्ये, पण रोमन लिपीत छापलं गेलं, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस ओव्या रचतो आणि त्या ए-बी-सी-डीत छापल्या जातात, यावर मुलं हसतील. हसू दे. त्या हसण्यात प्रबोधनाचं छपाई हे प्रकरण निम्मं संपतं.

दुसरी गोष्ट, तू युरोपला विमानाने नेऊन सोडतेस आणि मुलं तिथे परकी होतात. घोडबंदरवर राहणाऱ्या मुलांना एवढ्या लांब जायची गरज नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. पुढे मुंबई बेट या गृहस्थाला भाडेपट्ट्याने मिळालं होतं! हिंग, हळद, आंबा, नारळ यांवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, तेही दोन वैद्यांच्या प्रश्नोत्तरांत. जुन्या ग्रीक ग्रंथात काय लिहिलंय ते बाजूला ठेवून, मी डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगतो, हा त्याचा बाणा. प्रबोधन म्हणजे काय याची मी तरी यापेक्षा चांगली व्याख्या मुलांना देऊ शकणार नाही. स्वयंपाकघरातला हिंगाचा डबा मधे ठेव, एकाने ओर्ता व्हायचं, दुसऱ्याने शंका काढायच्या. पाठांतर नको, बघून आणि वास घेऊन बोलायचं. शेवट मात्र जपून सांग. ज्यू धर्म छुपेपणाने पाळल्याचा ठपका ठेवून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. हे तेरा वर्षांच्या मुलीला कळायलाच हवं, नाहीतर प्रबोधन म्हणजे नुसती सुंदर चित्रं असं तिला वाटेल. आठ वर्षांच्याला आत्ताच नको.

एखादा रविवार वसईच्या किल्ल्यात काढ. पडक्या चर्चच्या कमानी, कबरींवर कोरलेली पोर्तुगीज अक्षरं. कागद आणि खडू घेऊन मुलांना ती घासून उतरवू दे. चिमाजी अप्पांचं १७३९ ओघात येईलच, आई-वडीलही खूश होतील.

इथे एक सावधगिरी. काही पालक आग्रह धरतील की सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं असं शिकवा. तसं शिकवू नकोस. आकडे आपले, हे खरं. पिसाच्या फिबोनाची या गणितज्ञाने १२०२ मध्ये ते ‘भारतीयांचे नऊ अंक’ म्हणूनच मांडले. पण वाटेत अरब होते, आणि १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हेच आकडे वापरायला बंदी केली होती, हेही सांग. का केली असेल, असं विचारून शून्याचा सहा आणि नऊ करून दाखव. एवढं खरं सांगितलंस तरी अभिमान वाटायचा तो वाटतोच. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट (१४२० ते १४३६, खालून लाकडी आधार न देता) साखरेच्या क्यूबनी करून बघ म्हणणारे बरेच भेटतील. मी केलाय. मुंग्या होतात.

आता करिअर. तुझं गणित तू मांडलेलं नाहीस, मी मांडते. महिन्याला आठ बैठका, म्हणजे शिकवण्याचे १६ तास. प्रत्येकीच्या तयारीला तू तीन तास देतेस, ते २४. कोपरखैरणे ते ठाणे लोकल, पुढे टीएमटी, कापूरबावडीचा ट्रॅफिक. जाऊन-येऊन अडीच तास धरले तर आणखी २०. साठ तासांचे सहा हजार. तासाला शंभर रुपये, त्यातून तिकीट वजा. घरचे चिडतात ते यावर चिडतात, इतिहासावर नव्हे.

म्हणून महिन्याची फी बंद कर. बारा आठवड्यांचा एकच कोर्स आख, त्याची फी सुरुवातीलाच एकरकमी घे. घरी शिकणारी मुलं दोन-दोन महिने गावाला, प्रवासाला जातात, आणि महिन्याच्या हिशेबात नुकसान तुझं होतं. मग तोच कोर्स वाशी-कोपरखैरण्यात दुसऱ्या गटाला दे. तयारी एकदाच, प्रवास नाही. तिसऱ्यांदा देशील तेव्हा तो खरा पायावर उभा राहील.

तरीही पूर्ण पोट यावर ठेवू नकोस. या मुलांचं चौदावं वर्ष जवळ आलं की पालकांचं मन बदलतं. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी १४ व्या वर्षापासून देता येते, तिथे सामाजिक शास्त्र असतं. आयजीसीएसई या दहावीच्या तोडीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत इतिहासाचा भर एकोणिसाव्या-विसाव्या शतकावर. प्रबोधनाला या परीक्षांत फारसे मार्क नाहीत, त्यामुळे तुझी तेरा वर्षांची विद्यार्थिनी वर्षभरात गणिताच्या क्लासला जाईल हे धरून चाल. तुझं काम ८ ते १३ या वयाचं आहे.

बी.एड. कर. घरचे म्हणतात म्हणून नव्हे. कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायचा तर एम.ए.च्या जोडीला ते लागतं, आणि चार वयांच्या मुलांना एका खोलीत बसवायचं कसब तुला कोणी शिकवलेलं नाही. पाठ टाचण लिहून हात दुखतील, त्यातलं निम्मं निरुपयोगी वाटेल, पण सराव पाठात मागे बसून कोणीतरी तुला शिकवताना बघेल, ते मोलाचं. सीईटीची जाहिरात आली की कालावधी आणि अटी स्वतः वाच, ओळखीच्यांचं ऐकून ठरवू नकोस. इंटर्नशिपमध्ये आठवड्याचे दिवस जातील, तेव्हा हा गट शनिवारवर आण. पालकांना आत्ताच सांगून ठेव. तुझे ५५ टक्क्यांच्या वर आहेत, म्हणजे सेटचं, वरिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षेचं, दारही उघडं आहे, पण ते बी.एड.नंतर.

त्या आईला पुढच्या आठवड्यात वर्गात बसायला बोलाव. पीपीटी नेऊ नकोस, सहा बटाटे आणि शाईचं पॅड ने. आठ वर्षांच्याच्या हातात चाकू देऊ नकोस, चमच्याच्या दांडीने चांगलं कोरलं जातं.