नववीला इंग्रजी शिकवायला लागलेल्या मॅडमसाठी

मॅडम, पहिल्या महिन्यात धडे संपवायची घाई करू नका. आधी एकेका पोराला टेबलाजवळ बोलावून चार ओळी वाचून घ्या. बी आणि डी मध्ये गोंधळणारी मुलं नववीतही भेटतील. त्यांना भर वर्गात उभं केलंत, तर ती वर्षभर तोंड उघडणार नाहीत. शंका अहिराणीत विचारली तरी रागावू नका, विचारली हेच मोठं.

दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीमुळे हजेरी घसरते. त्या दिवसांत नवं व्याकरण काढू नका, उजळणी घ्या. मुलं परतली की त्यांची बोटं बघा, बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली असतात. मग लिहून घेण्यापेक्षा बोलून घ्या. किती किलो वेचला, कोणाच्या शेतात, सोबत कोण होतं? ‘आय पिक्ड कॉटन’ एवढं वाक्य जे पोरगं स्वतःचं म्हणून बोलतं, ते पुढे पत्रलेखनाला अडत नाही, हा माझा अनुभव आहे.

दहावीचा ८० गुणांचा लेखी पेपर आहेच, पण त्याची धास्ती आत्तापासून घालू नका. आणि वह्या घरी नेण्यापेक्षा शाळेतच तपासा, पोरगं शेजारी उभं असताना.