टॉप लिंकला साखळी चालते का? जुन्या ट्रॅक्टरच्या हिचबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (निफाड, जि. नाशिक): वडिलांचा जुना मॅसी १०३५ आहे, टॉप लिंकचे (अवजाराला वरून जोडणाऱ्या दांड्याचे) आटे गेलेत. तिथे साखळी लावली तर चालेल का? आणि व्हिडिओत बघितलं की अमेरिकेतल्या जुन्या फार्मॉल ट्रॅक्टरवाला सीटवरून उतरतच नाही, ट्रॅक्टर मागे घेतला की अवजार खटकन बसतं, मग अवजार जोडायची इतकी सोपी हिच मागे का पडली?

उत्तर: साखळीचं आधी सांगतो, नांगराला तरी अजिबात लावू नका. टॉप लिंक नुसती नांगर धरून ठेवायला नसते. फाळ काळ्या रानात खोल शिरला की नांगर पुढे कलंडायला बघतो, टॉप लिंक ट्रॅक्टरकडे दाबली जाते, तो दाब मागच्या जाड स्प्रिंगवर जातो, तिथून हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हला कळतं आणि लिफ्ट नांगर जरासा वर घेते, जोर कमी झाला की परत खाली. लिव्हरला हातसुद्धा लावावा लागत नाही. साखळी ओढ धरते, दाब धरत नाही, म्हणजे ही आपोआप वरखाली करायची सोय, ड्राफ्ट कंट्रोल, गेलीच म्हणून समजा. नवीन टॉप लिंक घ्या, फार महाग वस्तू नाही.

ही करामत हॅरी फर्ग्युसन यांची. त्याआधी नांगर ड्रॉबारला (मागच्या ओढायच्या पट्टीला) अडकवून ओढत न्यायचे, तो दगडाला किंवा मुळाला अडकला की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलायचं आणि ट्रॅक्टर मागे उलटून माणसं मेलीत. टॉप लिंकचा दाब पुढचं तोंड खाली धरतो. १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर ही तीन पॉइंटची लिंकेज (खाली दोन हात, वर टॉप लिंक) आली आणि मग गावोगाव पोचली.

फार्मॉलवर तुम्ही पाहिलेली ती इंटरनॅशनल हार्वेस्टरची फास्ट हिच, १९५० च्या दशकातली. मागे दोन खोबणी, अवजाराचे दोन दांडे त्यात घुसून अडकतात. ॲलिस-चाल्मर्सची स्नॅप कपलर त्याहून वेगळी, तिचा जोड मागच्या ॲक्सलच्या पुढे, पोटाखाली. जोडायला दोन्ही झकास, मला तर फास्ट हिच फारच आवडते. पण अवजार तेवढ्याच कंपनीचं लागायचं, शेजाऱ्याचा नांगर मागून आणला तर बसायचा नाही, आणि शेतकऱ्याला हे परवडत नाही हो! तीन पॉइंटची मापं ठरली, मग कुणाचंही अवजार कुणालाही लागायला लागलं आणि बाकीच्या हिच मागे पडल्या.

प्रश्न (दिंडोरी): सेकंडहँड पल्टी नांगर घेतला, आमच्या ट्रॅक्टरच्या खालच्या हातांच्या बॉलमध्ये त्याच्या खालच्या पिना ढिल्या बसतात. वेल्डिंग मारून जाड करू का?

उत्तर: नको. तीन पॉइंटच्या मापांचे गट असतात, त्यांना कॅटेगरी म्हणतात; नांगर कॅटेगरी १ चा आणि बॉल २ चे असणार. १ ची खालची पिन २२ मिमी, २ ची २८. व्हर्निअरने मोजा आणि तेवढ्या फरकाचा बुश घाला, दुकानात तयार मिळतो. टॉप लिंकची पिनही बघा, तिथे १९ आणि २५ चा फरक असतो. वेल्डिंगने पिन गोल राहत नाही, बॉल खाते.