टॅकोमीटरचा काटा नाचतो तेव्हा

प्रश्न : आमच्या सेसना १५२ विमानात १००० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या मीटरचा, काटा शंभरेक आरपीएम मागेपुढे नाचतो. थ्रॉटल वाढवला की बराच स्थिरावतो. मीटरच बदलावा का?

उत्तर : एवढ्यात नको. काट्याबरोबर इंजिनाचा आवाजही वरखाली होतो का, ते आधी ऐका. होत असेल तर टॅकोमीटर खरं सांगतोय. मग मॅग्नेटो (बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र), प्लग आणि कार्बोरेटर तपासायला हवेत. आवाज एकसारखा असेल तर संशय टॅकोमीटर फिरवणाऱ्या केबलवर.

इंजिनाच्या मागून निघणारी ही केबल क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरते आणि मीटरमधलं चुंबक फिरवते. त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी स्प्रिंगविरुद्ध वळते. काटा त्या वाटीलाच असतो. आतली तार कोरडी पडली किंवा मुरगळली की आवरणात अडकते, पीळ साठतो आणि झटक्यात सुटतो. वेग कमी असताना हा प्रत्येक झटका काट्यावर दिसतो.

काम परवानाधारक एएमईकडूनच (विमान देखभाल अभियंत्याकडूनच) करून घ्या. चावी काढलेली असली तरी मॅग्नेटो जिवंत आहे, प्रॉपेलर हलला तर इंजिन पेटेल असं समजूनच प्रॉपेलरजवळ वावरा. दोन्ही टोकांचे नट सोडवून आतली तार बाहेर ओढायची, पुसायची आणि बोटांच्या चिमटीतून सरकवायची. तुटलेला धागा लगेच टोचतो. मग ती इंग्रजी यू आकारात लोंबती धरून एक टोक हळूहळू फिरवा. दुसरं टोक तसंच फिरलं तर ठीक. थांबून मध्येच टुणकन उडालं तर तार मुरगळली आहे. ती सरळ करत बसू नका, नवी घाला. चौकोनी टोकांच्या कडा गोल झाल्या असतील तरीही तेच.

तार चांगली निघाली तर ग्राफाइट ग्रीसचा पातळ थर इंजिनाकडच्या दोन तृतीयांश भागालाच लावा. वरचा भाग कोरडा हवा, कारण फिरती तार वंगण वर चढवते आणि ते मीटरमध्ये शिरतं. काचेवर आतून तेलकट धूसरपणा दिसला तर तसं झालेलं आहे. बहुधा इंजिनाकडचं ऑइल सीलही गळत असेल. तो मीटर कार्यशाळेतच पाठवावा. बसवताना फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीजवळ) केबलला तीव्र वळण नको, क्लॅम्पने ती चेपलेलीही नको. यात फार जण चुकतात आणि नवी केबलही महिन्याभरात नाचू लागते.

प्रश्न : काटा आता स्थिर आहे, पण ऑप्टिकल टॅकोमीटर (प्रॉपेलरकडे रोखून प्रकाशावरून फेरे मोजणारा हातातला मीटर) ९० आरपीएम जास्त दाखवतो. खरं कोणाचं?

उत्तर : आधी ऑप्टिकल मीटर तपासा. तो दोन पात्यांच्या प्रॉपेलरच्या सेटिंगवर ठेवून जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटकडे रोखा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते; आकडा ३००० यायला हवा. म्हणूनच ट्यूबलाइटच्या उजेडात प्रॉपेलर मोजू नका. मीटर असा धरा की प्रॉपेलरमागे आकाश असेल.

३००० बरोबर आला तर विमानातला मीटर कमी दाखवतोय. जुन्या मीटरचं चुंबक क्षीण झालं की हे होतं. १५२ ची लाल रेषा, म्हणजे कमाल मर्यादा, २५५० ला. तुमचा काटा तिथे टेकेल तेव्हा इंजिन २६४० च्या घरात असेल. उड्डाणं थांबवून मीटर दुरुस्तीला द्या. केबल कधी तुटली तर टॅकोमीटरमधला तासमापकही थांबतो. तेवढे तास लॉगबुकात वेगळे नोंदवा, नाहीतर पुढची तपासणी उशिरा होईल.