दिवाळीचा फराळ अंगावर आलाय, आता काय करू?

प्रश्न: ताई, दिवाळीआधी माझं सगळं मस्त चाललेलं, सकाळचं चालणं, रात्री आठच्या आत जेवण. मग फराळाचे डबे उघडले ते काही बंदच होईनात, भाऊबीजेला माहेरी गेले तर तिथेही तेच. आता काट्यावर तीन किलो जास्त दिसतायत. मिस्टर म्हणतात दोघं आठवडाभर फक्त ज्यूसवर राहू, डिटॉक्स होईल. त्यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. करू का? आणि सासूबाई अजून रोज चहासोबत चकली पुढे करतात, नको म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी मिस्टरांचं. ज्यूसचा प्रकार अजिबात नको. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, की जेवण बंद आणि गोळी मात्र चालू असं झालं तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. आणि फळांचा ज्यूस म्हणजे तरी काय, चोथा काढून टाकलेली साखरच की, ती भराभर चढते. त्यांच्या खाण्यात मोठा बदल करायचा तर डॉक्टरांना विचारूनच. बाकी डिटॉक्सचं म्हणाल तर लिव्हर आणि किडनी ते काम दिवाळीतसुद्धा करतच होत्या.

आता तुमचे तीन किलो. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, म्हणजे तीन किलो खरी चरबी चढायला रोजच्या जेवणाच्या वर शंभरेक बेसनाचे लाडू खायला लागतील, तेवढे काही तुम्ही खाल्ले नसणार (खाल्ले असतील तर परत पत्र लिहा!). झालं असं असणार की गोडधोड आणि मैद्यामुळे शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे लिव्हर आणि स्नायूंत ठेवलेल्या साखरेचा, साठा भरला, आणि तो एका ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो, वर चिवडा-चकली-शेवेचं मीठ, तेही पाणी अडवतं. नेहमीचं खाणं सुरू केलं की यातलं बरंचसं आठवडा-दहा दिवसांत आपोआप उतरतं, म्हणून रोज काट्यावर चढू नका, उगाच डोक्याला ताप.

सोमवारची वाट कशाला बघायची, पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा. खाल्लं त्याची शिक्षा म्हणून सकाळचा नाश्ता बुडवायचा आणि मग दुपारी चारला भुकेने शंकरपाळ्यांच्या डब्यात हात, हे बहुतेक घरांत होतं, त्यापेक्षा सकाळी मुगाचं धिरडं किंवा अंडी खा, पोट धरून राहतं. बाजारात आता मेथी, मुळा, आवळे यायला लागलेत, तर रात्री भाकरी, मेथीची भाजी, आमटी, बास. चालणं लगेच पहिल्याएवढं नको, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं दोघं मिळून फेरी मारा, त्याने मिस्टरांची जेवणानंतरची साखरही कमी चढते. आणि दिवाळीत जागरणं झाली असतील तर आधी झोप पुरी करा, झोप कमी पडली की भूक जास्त लागते, त्यातही गोडाचीच.

लक्ष्मीपूजनानंतर अकराव्या दिवशी कार्तिकी एकादशी येते. तेव्हा हलकं खायचं म्हणून ताटभर साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याच्या पापड्या... एकादशी दुप्पट खाशी उगाच नाही म्हणत. उपास करायचाच तर वरईचा भात, दाण्याची आमटी, ताक, तेही बेताने.

सासूबाईंना नाही म्हणू नका, एक चकली घ्या, चहासोबत त्यांच्याशेजारी बसून खा आणि डबा वरच्या फळीवर ठेवा. चिवडा, चकली टिकतात, त्यांची घाई नाही. ओल्या नारळाच्या करंज्या उरल्या असतील तर मात्र वास बघा, त्या एव्हाना खवट झाल्या असतील, वाया जातात म्हणून संपवत बसू नका. बाकीचे लाडू शाळेत, ऑफिसात नेऊन ठेवा, मधल्या सुट्टीत डबा रिकामा होतो.