आभासी जडत्वावर, म्हणजे फिरत्या जनरेटरसारखा वारंवारतेच्या घसरणीला होणारा विरोध इन्व्हर्टरकडून (डीसीचं एसी करणाऱ्या उपकरणाकडून) करवून घेण्यावर, काम सुरू करताय?

सिम्युलेशन उघडण्याआधी कागद-पेन घ्या. ५० हर्ट्झचं ग्रिड, जडत्व स्थिरांक (फिरत्या यंत्रांत साठलेली ऊर्जा पूर्ण क्षमतेने किती सेकंद पुरेल तो आकडा) ४ सेकंद, आणि अचानक १० टक्के निर्मिती गेली, तर पहिल्या क्षणी वारंवारता सेकंदाला ०.६२५ हर्ट्झ वेगाने घसरते. स्थिरांक २ धरा, वेग दुप्पट. सौर-पवन वाढून फिरते जनरेटर कमी झाल्यावर ग्रिडवाले का धास्तावतात, ते इथेच कळतं.

नवखे बहुधा पीएलएलने (ग्रिडच्या व्होल्टेजची लय पकडणाऱ्या यंत्रणेने) वारंवारता मोजतात, तिचं डेरिव्हेटिव्ह काढतात आणि त्या प्रमाणात पॉवर सोडतात. दिसायला सोपं. पण डेरिव्हेटिव्हमुळे नॉइज फुगतो, फिल्टर लावला की उशीर होतो, आणि जडत्व तर घसरण सुरू होताक्षणीच हवं असतं. कमकुवत ग्रिडवर पीएलएल स्वतःच डगमगतो, ते वेगळंच. म्हणून मी तरी ग्रिड-फॉर्मिंगच (इन्व्हर्टरने ग्रिडची लय न पकडता स्वतःच व्होल्टेज उभं करणं) सुचवेन: रोटरचं स्विंग समीकरण (पॉवरच्या फरकाने त्याचा वेग आणि कोन कसा बदलतो ते सांगणारं) कंट्रोलरमध्ये सोडवायचं आणि येणारा कोन थेट इन्व्हर्टरच्या व्होल्टेजला द्यायचा. डॅम्पिंग मात्र विसरू नका, नाहीतर खऱ्या यंत्राची हेलकावे खायची खोडही सोबत येते.

खरी कसोटी फॉल्टच्या (शॉर्ट सर्किटच्या) वेळी. जनरेटर रेटेड करंटच्या पाच-सहा पट सहज देतो. इन्व्हर्टर सव्वा-दीड पटीतच हात टेकतो. करंट लिमिटर लागल्यावर तुमचा कंट्रोल कसा वागतो, हे आधी तपासा.

आणि ऊर्जा कुठून आणणार? एमपीपीटीवरच्या (सतत कमाल पॉवर काढून घेतल्या जाणाऱ्या) सौर पॅनलकडे शिल्लक काहीच नसते. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची १५० मेगावॅटची बॅटरी २०२२ पासून जडत्व पुरवते. तिचे चाचणी अहवाल मिळवून वाचाच.